पांढरा सदरा

शुक्रवार पेठेतल्या मास्तरांच्या मोटारीचं ऑइल दोन गॅरेजं करूनही गळतच होतं. काल मी इंजिनाचं सील बदललं. आज मास्तर गाडी न्यायला आले, तरी त्यांना शंका होतीच. "मिस्त्री, आता थेंब पडणार नाही कशावरून?"

बुद्धपौर्णिमा होती. माझ्या अंगात नवा पांढरा सदरा होता. मी त्यांना गाडी चालू करायला लावली आणि इंजिनाखाली उताणा झोपलो.

"अवो, येड लागलं काय? विहारात जायचंय की!" माझी बायको नागूबाई ओरडली.

पंधरा मिनिटांनी बाहेर आलो. छातीवर ऑइलचा एकही डाग नव्हता. मास्तर ओशाळले.

विहाराच्या वाटेवर मी पाठीची माती झटकू लागलो, तशी नागूबाईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. लोकांनी इचारलं, की मी सांगते."