आठ जणांचं पिंप

मेंडोझातल्या हौशी वाइन मंडळाचं पिंप यंदा आयेलेनच्या अंगणात फसफसत होतं. वर तरंगणारी द्राक्षाची सालं दर चार तासांनी खाली दाबायची, नाहीतर सगळं नासतं. लाउतारोच्या, म्हणजे स्वतःच्या बाळाच्या, रडण्यानं कूसही न बदलणारा तिचा नवरा गास्पार पिंपाचा गजर झाला की मात्र टुणकन उठायचा.

रविवारी रसाची चव बघायला मंडळ जमलं. आयेलेन बाळाला खांद्यावर थोपटत उभ्या उभ्या पेंगत होती.

"गास्पार, डोळे बघ कसे खोल गेलेत तुझे!" सगळे ज्यांना आदरानं 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणत त्या म्हाताऱ्या एल्विरा कळवळल्या. "अरे, असलं नाजूक काम एकट्याच्यानं होतं का कधी? आजपासून आपण आठही जण पाळीपाळीनं येऊ."

"खरंय, दोन्या. जीव मेटाकुटीला आलाय नुसता," गास्पार म्हणाला.

लगेच भिंतीवर तक्ता लागला. सगळ्यांनी भराभर आपापल्या वेळा लिहिल्या.

"पोरी, तूही घे की एखादी वेळ!" म्हणत दोन्यांनी आयेलेनच्या हातात पेन दिलं.

 

तिनं पिंपाच्या रकान्याशेजारी नवा रकाना आखला: 'लाउतारो. वय तीन महिने. दर दोन तासांनी.'