बाकाशेजारची पेटी

दर सोमवारी बाजार उरकला की म्हातारा पोलीस ठाण्यात यायचा. बाकाशेजारच्या लाकडी पेटीवर आपली पिशवी टेकवायचा आणि हवालदारांना विचारायचा, "आला का लेकीचा रिपोर्ट?"

लेक वैजयंता सासरी वारली होती. सासरचे म्हणत, फिट आली. म्हाताऱ्याला विषाचा संशय होता. पण पोस्टमॉर्टेममध्ये तिच्या पोटातून काढून ठेवलेला व्हिसेरा तपासून रिपोर्ट आल्याशिवाय गुन्हा दाखल होणार नव्हता.

"लॅबमध्ये गर्दी आहे, बाबा," हवालदार म्हणायचे. म्हातारा पिशवी उचलून निघायचा.

आज नव्यानं बदलून आलेली महिला शिपाई ठाण्याची साफसफाई करून घेत होती. म्हाताऱ्याची पिशवी बाजूला करून तिनं पेटी भिंतीपासून ओढली, मागं चिकटवलेली चिठ्ठी वाचली आणि मोठ्यानंच म्हणाली, "साहेब, ही वैजयंता कोण? हिचा व्हिसेरा अजून इथंच?"

म्हातारा उठून उभा राहिला.

हवालदारांनी मान खाली घातली. "पेटी लॅबला नेली होती, बाबा. तपासायला माणसं नाहीत म्हणून त्यांनी दारातूनच परत पाठवली. आता घेतो म्हणतात, तर आमच्या गाडीच्या डिझेलला मंजुरी नाही."

म्हातारा पेटीजवळ उकिडवा बसला आणि उपरण्यानं तिच्यावरची धूळ पुसू लागला.

"एसटीनं मी नेतो की."

"नातेवाइकाच्या हाती देता येत नाही, बाबा."

"का? सासरीसुद्धा मीच नेऊन सोडली होती तिला."