दाराआडचा अभ्यास

डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी फियोरेन्झा टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून बसायची. पंचवीस मिनिटं दार लावून अभ्यास, घंटा वाजली की पाच मिनिटं सुट्टी. सुट्टीत ती स्वयंपाकघरात यायची, तेव्हा आई नळाखाली तोंड धूत असायची आणि वडील पेपर वाचत असायचे.

"दमलीस ना बाळा? कॉफी घे," आई हसून म्हणायची.

त्या दिवशी पेन संपलं म्हणून ती घंटेआधीच उठली. स्वयंपाकघरात वडील आईचे केस मुठीत धरून तिच्या बरगड्यांत गुद्दे घालत होते. "ओरड की! कळू दे तुझ्या लाडकीला!" ते दबक्या आवाजात म्हणत होते. आईने स्वतःच्याच तोंडात फडकं कोंबून घेतलं होतं.

फियोरेन्झाने मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवायचं तांब्याचं जड पातेलं उचललं आणि वडिलांच्या डोक्यात घातलं. ते कोसळले. तिने पुन्हा घातलं. मग त्यांची हालचाल थांबली.

आईने तोंडातलं फडकं काढलं, त्याच फडक्याने पातेल्याची कडी पुसली आणि ती आपल्या मुठीत घट्ट धरली.

"मी मारलंय याला. तू आत अभ्यास करत होतीस. तुला काहीच ऐकू आलं नाही."