खर्जाची जागा

“फादर, आजच्यापुरता ऑर्गन वाजवू द्या,” म्हातारा संगीतकार ओराझियो काकुळतीला आला होता.

“गुड फ्रायडेला? भलतंच! आज चर्चमध्ये वाद्य वाजत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं?”

ओराझियोच्या हातातली कागदाची गुंडाळी घामाने ओली झाली. तीच हलवून तो गाणाऱ्यांना ताल द्यायचा. ख्रिस्ताच्या मरणाचं हे गाणं त्याने वर्षभर खपून रचलं होतं, आणि त्याचा सारा डोलारा खर्जातल्या एका आवाजावर उभा होता. तो आवाज, तोनिनो सुतार, परवाच तापाने गेला. इटलीतल्या त्या डोंगरगावात दुसरा तसा गळा नव्हता; ऑर्गनच्या खालच्या सुरांनी ती जागा भरता आली असती, तीही वाट आता बंद झाली. आणि बिशप तर मुद्दाम ऐकायला येऊन बसले होते.

गाणं सुरू झालं. एकेक ओळ सरकत गेली. बाकी सगळे थांबतात आणि खर्ज एकटाच उठतो, ती जागा आली. सगळे थांबले. त्याने डोळे गच्च मिटले.

तेवढ्यात बायकांच्या बाकांवरून तीच ओळ उमटली, वरच्या सप्तकात, कापऱ्या आवाजात. तोनिनोची बायको! रंधा मारता मारता तो हेच घोकायचा आणि चुलीपाशी ती ऐकत असायची.

चर्चमध्ये बाईने गायचं नाही, असा तेव्हा दंडक होता. फादर ताडकन उठले. “थांबवा तिला! बिशप बसलेत!”

ओराझियोने वेदीकडे पाठ फिरवली, आणि ती ओली गुंडाळी उचलून तिला ताल दिला.