पिवळा पालक

"मरीन, पण या मैल्याच्या गॅसवरचा चहा पेणार नाही!" शालिकरामकाकानं कप असा सरकवला का अर्धा चहा वर्षालीच्या रजिस्टरवर सांडला.

अकोल्याबाहेरच्या या प्लांटवर वर्षाली नवीनच ऑपरेटर लागली होती. इथं शहराच्या गटारीचं पाणी साफ होऊन काकाच्या मळ्यात फुकट जाते, आन तळाशी बसलेला गाळ हवाबंद टाकीत मुरवला का त्याचा गॅस निघते.

"काका, गॅस जळल्यावर त्यात घाण राह्यते का?"

"मले काय गॅस शिकवून राहिली? मी पाण्यासाठी आलो. तुमचं हे साफ पाणी बंद करा! पालक पिवळा पडून राहिला, असंच चाललं तं माहा मळा बसला. पहिलेसारखं गटारीचं काळं पाणीच सोडा, त्यात जोर हाये."

"म्हंजे इतके दिवस तुमचा पालक त्या पाण्यावर..."

काकानं सायकलवरच्या जुड्या नीट बांधल्या.

"मले आता निघा लागते पोरी. तुह्या मायनं रोजच्या दोन जुड्या सांगतल्या हायेत."