शेवटची कॉर्ड

बेशुद्ध पपांचा अंगठा चादरीवर हलकेच दाबला गेला. उशीतल्या स्पीकरवर ऑर्गन वाजत होता. प्रत्येक कॉर्ड, एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, नियमाने पुढच्या कॉर्डकडे नेत होती. पण मूळ कॉर्डवर येऊन गाणे संपणार असे वाटताच एस्तेरचा प्रोग्रॅम शेजारच्या कॉर्डकडे वळे. पुढच्या कॉर्डची वाट पाहणारा मेंदू श्वास चालू ठेवतो, हा तिचाच शोध होता. वॉर्डातले इतर रुग्ण त्या आधारावर बरे होऊन घरी गेले. पपा बरे होणार नाहीत, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितले होते.

"लहानपणी तू ऑर्गनचा धडा अर्धवट टाकून पळायचीस," आई म्हणाली. "मग हे जेवणावरून उठून शेवटची कॉर्ड वाजवून यायचे. म्हणायचे, पोरीने गाणं दारात ताटकळत ठेवलंय."

अंगठा पुन्हा दाबला गेला. सगळ्यांना एस्तेर ही सुधारणा म्हणून सांगत असे. तो अंगठा शेवटची कॉर्ड शोधतो आहे, हे तिला पहिल्याच दिवशी कळले होते.

"दुखत असेल का गं त्यांना?" आईने विचारले.

"दुखत नाही. मी थांबवून ठेवलंय त्यांना." एस्तेरने आईचा हात धरला. "दादाला बोलावून घे. तो आला की मी शेवटची कॉर्ड वाजू देणार आहे."