राजसबाईंची दुपदरी साखळी

"इथं सही करा, काका," हरिप्रिया म्हणाली. "आणि साखळी एकदा बघून घ्या."

दत्ताजींनी सही केली. साखळीकडे मात्र त्यांनी पाहिलंच नाही. खाकी पाकीट टेबलावर तसंच पडून राहिलं आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरातला उद्याचा शुक्रवार बघत बसले.

हरिप्रिया सत्र न्यायालयात सरकारी वकील होती. वर्षाला शे-दोनशे खटले तिच्या हाताखालून जायचे. मोबाईल हिसकावणं, घरफोड्या, दारूच्या भरात झालेली भोसकाभोसकी. निकाल लागला की ती फाईल बांधायची आणि विसरून जायची. हीच एक फाईल काही केल्या बांधली जात नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, वरलक्ष्मी व्रताच्या दुसऱ्या दिवशी, दत्ताजींची बायको राजसबाई सकाळी देवी उतरवून, घाईघाईने शेजारणींची वाणं पोचवायला बाहेर पडली. ती गिंडी स्टेशनजवळच्या भुयारी मार्गात, पायऱ्यांच्या तळाशी सापडली. डोकं फुटलेलं, गळ्यात नेहमीची साखळी नाही. शेजारी भंगार गोळा करणारा गुरुमूर्ती बसलेला, शर्ट रक्ताने माखलेला. बाईंना उचलायला गेलो होतो, असं तो म्हणाला. असं सगळेच म्हणतात. पाचव्या दिवशी रुळांजवळच्या एका दगडाखाली साखळी निघाली. त्यानेच जागा दाखवली, असं पोलिसांच्या पंचनाम्यात होतं. तक्रारीत लिहिल्याबरहुकूम दुपदरी, मोडका आकडा दोऱ्याने बांधलेला. खटला अगदी पक्का होता.

फक्त साक्षीच्या दिवशी दत्ताजी अडले. साखळी हातात घेऊन नुसतेच बघत राहिले. म्हाताऱ्याला भोवळ येतेय असं वाटून न्यायाधीशांनी दहा मिनिटं दिली. व्हरांड्यात हरिप्रियाने त्यांना पाणी दिलं आणि तमिळ सोडून घरच्या तंजावरी मराठीत समजावलं. बचावाचा वकील दोन हातांवर उभा होता, पण त्याला मराठी कुठून कळणार!

"काका, भिऊ नका. दुपदरी अहे की नाही? आकडा मोडका अहे की नाही? दोरा अहे की नाही? मग हो म्हणा की."

एवढ्या मोठ्या कोर्टात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं, याचंच दत्ताजींना भरून आलं. "तू म्हणतीस तर सरी," ते म्हणाले. आत गेले आणि हो म्हणाले.

गुरुमूर्तीला जन्मठेप झाली. शिपाई घेऊन जात असताना तो हरिप्रियापाशी थांबला. "अम्मा, नान एडुक्कले," एवढंच म्हणाला. मी घेतली नाही. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाहीत. पत्ता विचारणाऱ्याला वाट सांगावी, तसं म्हणाला. आठ महिन्यांनी तो तुरुंगात वारला.

तेव्हापासून ते तीन शब्द तिच्या मागे लागले होते. मेट्रोत, भाजी चिरताना, भलत्याच खटल्याची उलटतपासणी चालू असताना अचानक कानाशी यायचे. कधी कधी ती चटकन मागे वळून बघायची. आपल्याला भीती वाटते, हे तिने घरी कुणालाही सांगितलं नव्हतं. वस्तू जिची तिच्या घरी गेली की हे थांबेल, अशी मनाची समजूत घालून तिने स्वतः धावपळ करून साखळी सोडवली होती.

"काका, घेताय ना?"

"मज नको दे." दत्ताजींनी पाकीट तिच्याकडे सरकवलं. "उद्यां व्रत अहे. पयल्या साली सुतक, दुसऱ्या साली घरांत सवाष्ण नव्हती. आतां सून आली. तूच ये गे, तुझ्या हातानं देवीच्या गळ्यांत घाल."

"असं करता येत नाही, काका."

"राजस रोज साखळीस हळद लावायची," तिचं बोलणं ऐकलंच नाही असं ते म्हणाले. "अस्क्या उशा पिवळ्या, एक सुटायची नाही. मी ओरडायचा." आणि पहिल्यांदाच हसले.

हरिप्रियाला नाही म्हणवेना. संध्याकाळी तिने साखळी पाकिटातून काढून कोऱ्या रुमालात बांधली. आकड्याचा दोरा अजून पांढराशुभ्र होता. कोर्टाच्या मुद्देमालाच्या खोलीत एवढी तरी काळजी घेतात, असं तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती दत्ताजींच्या घरी पोचली तेव्हा चौरंग मांडून झाला होता. कलशावर नारळ होता, आंब्याची पानं होती, केवडा होता. गेल्या फाल्गुनात लग्न होऊन आलेली सून, लावण्या, नऊवारी सावरता सावरता घामाघूम झाली होती.

"वांगक्का, या, बसा. देवीचा मुखवटा तांदळाच्या डब्यात अहे. अत्तेंनी स्वतः बांधून ठेवलेला. सवाष्णीनंच सोडायचा म्हणून मामांनी तीन वर्षं कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही."

दत्ताजी दारात उभे होते. हरिप्रियाने रुमाल सोडून साखळी तळहातावर घेतली. सोनं गार लागलं. आज कान शांत होते. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना. आता एवढी साखळी देवीच्या गळ्यात घालायची आणि मोकळं व्हायचं. तिला रडूच येईल असं वाटलं.

लावण्याने तांदळात हात खुपसून रेशमी खणाचं गाठोडं बाहेर काढलं. राजसबाईंच्या गाठी घट्ट होत्या, शेवटची तर केसातला आकडा घालून सोडवावी लागली. खण बाजूला झाला.

"अय्यो," लावण्या म्हणाली. "अक्का, थांबा हां. एक आधीच अहे."

चांदीच्या मुखवट्याला दुपदरी साखळी गुंडाळलेली होती, आणि तिच्या मोडक्या आकड्याचा दोरा हळदीने पिवळाधमक झालेला होता.